आजोबांनी लिव्हरपूलहून आणलेली डिंकी कंपनीची खेळण्यातली मोटार: टप बसलाय, एक चाक गायब, तळ गंजलेला. कशी वाचवू?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीच्या घरी पडवीची शेणामातीची जमीन काढून फरशी घालायचं काम मे महिन्यात चाललं होतं. उकरताना टिकाव कशावर तरी खणकन आपटला. गड्यानं हातात आणून दिलं ते मातीचं ढेकूळ बादलीत धुतलं, तर आतून एक बोटभर लांबीची मोटार निघाली. बाबांनी बघितल्याबरोबर ओळखली. माझे आजोबा बोटीवर तेलवाले (इंजिनाला तेल घालणारे) होते. लिव्हरपूलच्या समोर बर्कनहेडला त्यांची बोट लागायची आणि तिथून त्यांनी ही बाबांसाठी आणली होती. बाबा तेव्हा चार वर्षांचे, म्हणजे १९५२ साल. पुढे कधीतरी ती हरवली. दरवर्षी जमीन सारवताना, चोपताना थरावर थर चढत गेले आणि ती त्यांच्याखाली गेली असणार.

आता तिची अवस्था सांगते. टिकावाचा घाव टपावर उजवीकडे बसला आहे. तिथला पुढचा पिलर (टप तोलणारा खांब) तुटलाय आणि टप तीनेक मिलिमीटर आत दबलाय. मागचं एक चाक नाही. उरलेल्या तीन चाकांपैकी एकावरच टायर आहे, तोही दगडासारखा कडक. एक्सल गंजून जागच्या जागी धरलेत. तळाचा पत्रा अर्धा गंजानं खाल्लाय, पण 'मॉरिस ऑक्सफर्ड' आणि '४०जी' एवढं वाचता येतं. अंगावर ठिकठिकाणी पांढरी पूड धरली आहे. वर काळा रंग, टप पिवळा, आणि टवका उडालाय तिथे खालून हिरवा डोकावतो.

माझा विचार असा: सगळा रंग काढायचा, टप सरळ करायचा आणि मूळचा हिरवा रंग मारून दुकानात होती तशी करायची. ऑगस्टमध्ये बाबांचा वाढदिवस आहे. मी असं काम कधी केलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

निवांत

वाचूनच अंगावर काटा आला ताई. फोटो टाका ना. आणि एक अगदी प्राथमिक प्रश्न: ही लोखंडाची असते का? मग पूड पांढरी कशी?

साचा

निवांत, लोखंडाची नाही, जस्ताची. बाहेर डायकास्ट म्हणतात ती ही. वितळलेलं जस्त दाबानं पोलादी साच्यात मारायचं, काही क्षणांत घट्ट होतं, साचा उघडून नग बाहेर. भोसरीत मी हेच काम तीस वर्षं केलं, फक्त मोटारींच्या जागी कार्ब्युरेटरच्या बॉडी असायच्या. धातू त्याच जातीचा. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं, किंचित मॅग्नेशियम. आपण झॅमॅक म्हणतो, इंग्लंडात मॅझॅक. जस्त गंजलं की पांढरं पडतं. तुमच्या फोटोतलं तांबूस आहे ते फक्त तळाच्या पत्र्यावर आणि एक्सलवर, कारण तेवढंच लोखंड.

खाडीकाठताई, रंगाचं सगळं नंतर. आधी एक बघा. भिंग घेऊन बॉनेट, डिकी, दारांवर नखासारख्या बारीक चिरांचं जाळं आहे का? मोटार फुगल्यासारखी, केळ्यासारखी वाकल्यासारखी वाटते का? नसेल तर जीव वाचला. असेल तर कोणी काही करू शकत नाही.

खाडीकाठ

साचाकाका, भिंगाखाली तासभर बघितलं. घावाजवळ दोन चिरा आहेत, बाकी कुठे जाळं दिसत नाही. सपाट काचेवर ठेवून बघितली, वाकलेली नाही. पण काही करू शकत नाही असं का म्हणालात?

साचा

जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम मिसळलं तर. मिसळण म्हणजे किती, तर शिशाची मर्यादा दहा लाखांत पन्नास भाग एवढीच. त्याच्या वर गेलं की धातूच्या कणांच्या सांध्यांतून आतल्या आत गंज चालतो. दमट हवेत लवकर. नग फुगतो, चिरतो, शेवटी बिस्किटासारखा हातात तुटतो. कारखान्यात भट्टीत शिशाचा एखादा तुकडा किंवा डाग द्यायच्या कथलाचा भंगार पडला तरी पुरे. आम्ही भट्टीजवळ सोल्डर आणू द्यायचो नाही, तो यासाठी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच डिंकी अशाच गेल्या. नंतर ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरायची शिस्त बसली. तुमची मोटार कोकणातल्या मातीत एवढी वर्षं राहून चिरलेली नाही, याचा अर्थ तिचा धातू चोख आहे.

आता पहिलं काम: मीठ काढणं. खाडीजवळची माती, त्यात क्षार असणारच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते, ॲसिड नव्हे) बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठ दिवस. मऊ टूथब्रश. व्हिनेगर, लिंबू, चिंच काहीही लावू नका. कॉस्टिक सोडा तर नकोच.

जुन्याबाजारातला

>> चिंच काहीही लावू नका

याला माझा दुजोरा, स्वतःच्या नुकसानीवरून. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर मिळालेली कॉर्गी कंपनीची एक खेळण्यातली गाडी मी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली होती. सकाळी रंग तर गेलाच, पण धातूला बारीक खड्डे पडले होते, पट्टीसारख्या सरळ असलेल्या कडा विरघळल्या होत्या. ते भरून येत नाही.

ताई, तुमच्या मूळ विचाराबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय. रंग काढू नका. ४०जी हा क्रमांक १९५० साली आला आणि १९५४ साली डिंकीनं सगळ्या गाड्यांना तीन आकडी क्रमांक दिले तेव्हा तिचा १५९ झाला. म्हणजे बाबांनी सांगितलेलं साल तळाच्या पत्र्याशी तंतोतंत जुळतं. खालचा हिरवा हा कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला रंग आहे, तो पुन्हा कोणालाही आणता येणार नाही. आणि वरचा काळा-पिवळा? ही कोणीतरी मुंबईची टॅक्सी केली आहे हो! कोणी केली, ते आधी घरात विचारा.

आणखी एक सांगतो. ही मॉरिस ऑक्सफर्ड म्हणजे परदेशी पाहुणी नाही. हिंदुस्थान मोटर्सनं हीच गाडी इथे 'हिंदुस्थान १४' नावानं काढली होती. तिच्या पुढच्या पिढीची लँडमास्टर झाली आणि त्यापुढच्या पिढीची आपली ॲम्बेसेडर. रंगवणाऱ्यानं रस्त्यावर हिच्या बहिणी बघितलेल्या असणार.

रंगारी

कोल्हापुरात गाड्यांचं पेंटिंग करतो. माझं मत उलट आहे, स्पष्ट सांगतो. वरचा थर घरगुती ऑइलपेंटचा आहे, फोटोत सुरकुत्या दिसतात. त्याच्याखाली ओल धरते. अर्धवट ठेवलं तर दोन वर्षांत पुन्हा पूड सुटेल. पूर्ण काढून व्यवस्थित केलेलं काम टिकतं.

करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: उघड्या जस्तावर थेट ऑइलपेंट कधी मारायचा नाही. रंगातलं तेल आणि जस्त मिळून साबणासारखा थर होतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या गेटचा रंग पहिल्याच पावसाळ्यात का सुटतो, तर ह्यामुळं. आधी वॉश प्रायमरचा (रंग धातूला धरावा म्हणून द्यायच्या अस्तराचा) अगदी पातळ हात, मगच रंग. आणि जुलैत तर स्प्रे मारूच नका. हवेत ओल असली की एनसी (नायट्रोसेल्युलोजच्या) रंगावर पांढरट धुकं धरतं. मारायचाच तर खोक्यात साठ वॅटचा जुना बल्ब लावून आतली हवा कोरडी करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा पॉलिश पेपर घासू नका. ओला करून घासा, मास्क लावा, घरात पोरं असतील तर त्या खोलीत काम नको.

मर्सीकाठ

नमस्कार, बारा वर्षं लिव्हरपूलमध्ये राहतो आहे. हा धागा वाचून रविवारी मुद्दाम बिन्स रोडला जाऊन आलो. फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीचा कारखाना त्या रस्त्यावर १९१४ पासून होता. 'डिंकी टॉइज' हे नाव १९३४ साली आलं आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये कारखाना बंद झाला. गोदीपासून तो भाग बराच आत आहे. आजोबांनी मोटार शहरातल्या एखाद्या खेळण्यांच्या दुकानात घेतली असणार. पण ज्या गावात ती साच्यातून निघाली त्याच गावातून त्यांनी ती उचलली, हे मला फार मोलाचं वाटतं. बोटीवरच्या आपल्या माणसांना किनाऱ्यावर थोडाच वेळ मिळायचा, पगारही गोऱ्या खलाशांच्या मानानं फारच कमी. त्यातून पोरासाठी मोटार घेणं ही लहान गोष्ट नव्हती.

चाकाची काळजी करू नका. जुन्या डिंकींचे सुटे भाग इथे आजही नव्यानं बनवून विकतात. चाकं, टायर, सगळं पाकिटात येतं. मी मागवतो. आमच्याकडून एकजण जुलैत पुण्याला येणार आहे, त्यांच्याबरोबर पाठवतो. फक्त चाकाचा व्यास मोजून कळवा.

खाडीकाठ

मर्सीकाठ, काय बोलू? व्यास व्यनित (खासगी निरोपात) कळवते आहे.

काल बाबांना विचारलं, ही मुळात हिरवी होती, आठवतं का? ते म्हणाले, "हिरवी? छे, ती टॅक्सीच होती." मग मुंबईच्या काकांना फोन लावला. त्यांना सगळं आठवत होतं. १९६१ की ६२, गणपतीत. आजोबा रजेवर आले होते. त्यांनी दोन्ही भावांना मुंबई दाखवून आणलं, बोरीबंदर ते माझगाव टॅक्सीनं नेलं. घरी आल्यावर भावांनी मोटार टॅक्सी करायचं ठरवलं. काळा रंग खिडकीच्या गजांचा उरलेला आणि पिवळा शेजाऱ्यांच्या होडीच्या पट्ट्याचा. टप आजोबांनी स्वतः रंगवून दिला, कारण मुलांचा हात काळ्यात जाईल म्हणून. तेव्हा बाबा तेरा-चौदा वर्षांचे होते. आता सत्तरी ओलांडल्यावर त्यांना हिरवी मोटार आठवतच नाही.

तेव्हा माझा बेत बदललाय. रंगारीदादा, तुमचं म्हणणं पटतंय, तरी टपावरचा पिवळा मी काढणार नाही. तो आजोबांच्या हातचा आहे. टप सरळ कसा करू ते सांगा.

रंगारी

ताई, असं असेल तर माझा आग्रह मागे घेतो. काढू नका. सुटलेले पापुद्रे तेवढे चिकटवून घेऊ, ते मी नंतर सांगतो.

साचा

टपाआधी तळ उघडायला लागेल. आतून आधार दिल्याशिवाय टप उचलता येणार नाही आणि एक्सलही आतूनच सुटतील.

तळाचा पत्रा दोन ठिकाणी बसवलेला असेल. बॉडीच्याच धातूचे दोन खुंट पत्र्याच्या भोकातून बाहेर काढून त्यांची डोकी ठोकून पसरवलेली असतात. पटाशीनं पत्रा उचकटायचा नाही. खुंट मोडले की संपलं. डोक्याच्या मधोमध सेंटर पंचची हलकी टिचकी. मग चार मिलिमीटरचं ड्रिल हातातल्या पिन वाइसमध्ये (ड्रिल पकडायच्या छोट्या मुठीत) धरून, हातानं फिरवत फक्त पसरलेलं डोकं खरवडायचं. मशीन नको, एका क्षणात खोल जातं. डोक्याच्या कडेची कडी सुटून ड्रिलबरोबर फिरायला लागली की थांबा.

नंतर बसवताना बरेच लोक खुंटात १.६ चं भोक पाडून दोन मिलिमीटरचे आटे पाडतात आणि स्क्रू लावतात. सोपं आहे, पण तुमचे खुंट मातीत राहिलेत. त्यांना आटे पाडले तर चिरतील असं मला वाटतं. तुम्ही ॲराल्डाइटनं चिकटवा.

एक्सल: लोखंडी, जाडी साधारण दोन मिलिमीटर. सायकलची साधी स्पोक तेवढीच असते. व्हर्नियरनं खात्री करून घ्या. नवा एक्सल फुकटात झाला.

टप: जस्त थंडीत कडक, गरम केल्यावर थोडं नरम. नव्वद अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, बाहेर काढून आतून लाकडी पाचर घालून किंचित दाबायचं, पुन्हा पाण्यात. एका वेळी पाव मिलिमीटरहून जास्त नाही. वाकलं नाही तर जबरदस्ती नाही. आणि गॅसची ज्योत जवळही आणू नका.

जुन्याबाजारातला

ज्योतीबद्दल काका बोलले ते शब्दशः घ्या. माझ्या ओळखीच्या एकानं मॅचबॉक्स कंपनीचा तुटलेला खेळण्यातला ट्रक डाग द्यायला सोनाराकडे दिला. कारागीर चांदी-सोन्यावर काम करणारा, त्याचा हात चांगलाच. पण हा धातू ३८० अंशांच्या आसपास वितळतो. लाल होऊन इशारा देतच नाही. ट्रकचा पुढचा भाग त्याच्यासमोर थेंब होऊन खाली पडला.

निवांत

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. माझ्याकडे आजोळची एक गाडी आहे, दिसायला डिंकीसारखी, जॅग्वार आहे. पण खाली 'निकी टॉइज' लिहिलंय. नकली का?

जुन्याबाजारातला

नकली मुळीच नाही. डिंकीचे जुने साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला विकले गेले आणि तिथे त्याच साच्यांतून 'निकी' नावानं गाड्या काढल्या. साच्यातली डिंकीची अक्षरं बदलून निकी केलेली असतात. नीट बघितलंत तर नावाच्या जागी खाडाखोड दिसेल. रंग जाडाभरडा आणि ओतकाम जरा ढिसाळ, कारण साचे झिजलेले होते. तरी मला त्या फार आवडतात. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या हातात डिंकीचा आकार पहिल्यांदा आला तो निकीमुळे. जपून ठेवा.

खाडीकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. क्षमस्व, फरशी, पाऊस, ऑफिस सगळं एकदम आलं.

डोकी खरवडायला दोन संध्याकाळ लागल्या. कडी सुटून फिरली तो क्षण मी विसरणार नाही. पत्रा अलगद वर आला. आणि आत काय होतं सांगू? टपाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाचा ब्रश पोचला नव्हता तिथे हिरवा रंग अगदी नवा, ओला वाटावा इतका. बाबांना दाखवला. बराच वेळ ते बघत होते. मग म्हणाले, "हो रे, ही हिरवी होती." मला ते 'रे' म्हणाले, म्हणजे मनात काकांशीच बोलत होते.

टप गरम पाण्यात ठेवून चार दिवसांत दोन मिलिमीटर वर आला. पाचव्या दिवशी मी घाई केली. मागच्या पिलरला केसासारखी चीर गेली. आवाज झाला तेव्हा हातपायच गळाले. तिथेच थांबले. अजून मिलिमीटरभर दबलेला आहे, तो तसाच राहील. आता दोन पिलर जोडायचे आहेत. कशानं?

साचा

थांबलात ते बरोबर केलंत. चीर जाणार हे गृहीतच होतं, माझ्या हातूनही गेली असती.

नुसता गोंद पिलरला पुरत नाही, आत सळी पाहिजे. दोन्ही टोकांना ०.८ चं भोक, तीन-तीन मिलिमीटर खोल. सळीला दाताच्या डॉक्टरांकडची स्टेनलेस तार मागा, दात सरळ करायला वापरतात ती, ०.७ मिलिमीटरची मिळते. त्यांच्याकडे तुकडे पडलेले असतात. ॲराल्डाइट चोवीस तासांचं घ्या, पाच मिनिटांचं नको, ते तेवढं पक्कं होत नाही. एक दिवस हात लावायचा नाही. मग पिलरचा आकार एम-सीलनं भरायचा, सुकल्यावर सुईच्या कानसीनं घासायचा.

मागच्या पिलरच्या चिरेत पातळ सुपर ग्लूचा थेंब सोडा. तो आपणहून आत ओढला जातो.

रंगारी

आणि तेवढ्या नव्या पिलरवरच रंग. आधी वॉश प्रायमर टूथपिकनं. काळा रंग ब्रशनं लावा, चकचकीत नको, थोडा मॅट मिसळून घ्या, नाहीतर तेवढाच तुकडा डोळ्यावर येईल. सुटलेल्या पापुद्र्यांखाली पातळ ॲक्रिलिक मीडियम (चित्रकारांचं बिनरंगी, चिकटणारं द्रावण) केसाच्या ब्रशनं सोडा आणि बटर पेपर ठेवून बोटानं दाबा. पिवळ्यावर वरून काहीही लावू नका.

मर्सीकाठ

पाकीट निघालंय. दोन चाकं (एक जास्तीचं), पाच टायर. चाकं नवीकोरी चकचकतील, त्याचं काय ते रंगारी सांगतीलच.

खाडीकाठ

झाली!

दाताच्या डॉक्टरांनी तार दिली आणि कशासाठी ते ऐकल्यावर पैसे घेतले नाहीत, उलट मोटार बघायला घरी आल्या. पिलर पक्के बसले. एक्सल सायकलच्या स्पोकचे. मर्सीकाठ, तुमचं चाक मागे डावीकडे आहे, त्याला तपकिरी रंगाचा पाण्यासारखा पातळ हात देऊन बाकीच्यांच्या जवळ आणलंय, तरी ओळखू येतं आणि मला ते चालतं. तळाच्या पत्र्याचा गंज काढून 'मॉरिस ऑक्सफर्ड' वाचता येईल एवढंच स्वच्छ केलं, गेलेला भाग नव्यानं केला नाही. बाबांनी परवा ती नव्या फरशीवर ढकलली. सरळ गेली, किंचित डावीकडे ओढते.

आता शेवटचा प्रश्न. बाबांना ती रत्नागिरीतच ठेवायची आहे. नवीन शोकेस करून घेतलंय, प्लायवूडचं, काचेचं दार. त्यात ठेवू ना?

साचा

शोकेसमध्ये नको. नव्या प्लायवूडमधून आणि त्याच्या गोंदातून आंबूस वाफ सुटत राहते. बंद कपाटात ती जस्ताला धरते आणि पुन्हा पांढरी पूड येते. काचेची बरणी घ्या, घट्ट झाकणाची. तळाशी सिलिका जेलची पुडी, वर सुती कापड, त्यावर मोटार. रंग बदलणारी पुडी मिळते ती घ्या. नारिंगीची हिरवी झाली की बदला. पावसाळ्यात महिन्याला बघा. बाबांना फरशीवर चालवायला काढू द्या, पण आत ठेवण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसून.